तो खरोखरच प्यालेला असता तर?

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:९-१८, मत्तय ७:१-५, लूक ६:३६-३८



प्रभूच्या ज्या आज्ञा आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत सर्वांस तोंडपाठ आहेत, त्यांत दुसऱ्याचा न्याय न करण्याविषयीची आज्ञा अगदी पहिल्या ओळीत बसेल. कुसळ आणि मुसळ ही जोडी तर आपल्या ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांच्याही बोलण्यात नित्य येते. परंतु आमचा अनुभव असा की, कोणी आपला दोष दाखविला म्हणजेच ही आज्ञा मनुष्यास चटकन आठवते. 'न्याय करणारा तू कोण?' असे म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो. आपण स्वतः दुसऱ्याचे दोष मोजीत बसलेले असतो, तेव्हा मात्र ती आठवत नाही. जी आज्ञा प्रभूने आपणांस आरसा म्हणून दिली, तिची आपण ढाल केली आहे. हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. ते पुढे दिसून येईलच.

लूकाने ही आज्ञा ज्या क्रमाने लिहून ठेविली आहे, त्या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. स्वर्गीय पिता दयाळू आहे तसे तुम्हीही व्हा, हे प्रथम. न्याय करू नका, दोषी ठरवू नका, हे त्यानंतर. आपण बहुधा हा क्रम उलट करतो. आधी चौकशी, मग निकाल, आणि निकाल अनुकूल लागला तर शेवटी दया. जणू काय दया म्हणजे चांगल्या चालचलणुकीचा दाखलाच.

शिलो येथील मंदिरात काय घडले ते पाहा. एली याजक दाराशी आपल्या आसनावर बसला होता. हन्ना नावाची दुःखी स्त्री परमेश्वरापुढे प्रार्थना करीत होती. तिच्या मुखावाटे शब्द निघत नव्हता, केवळ ओठ हालत होते. एली तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला आणि ही बाई प्यालेली आहे अशी त्याची खात्री झाली. त्याने तिला दटाविले. एली साधासुधा मनुष्य नव्हता. तो याजक होता, वयोवृद्ध होता, जन्मभर प्रार्थना करणारी माणसे पाहत आला होता. तरी प्रार्थना आणि नशा यांतला भेद त्यास कळला नाही. आणि याच मंदिरात त्याचे स्वतःचे दोन पुत्र, हफनी आणि फिनहास, यज्ञाचे मांस बळजबरीने हिसकावून घेत होते, हे पुढच्याच अध्यायात वाचावयास मिळते. परक्या स्त्रीच्या ओठांचे हालणे ज्यास दाराशी बसून दिसले, त्यास आपल्या घरातला अनाचार मोडता आला नाही. तथापि एलीच्या पक्षी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हन्नेने आपले दुःख सांगताच त्याने वाद घातला नाही. त्याने तिला आशीर्वाद देऊन शांतीने जाऊ दिले. इतकी नम्रता आम्हां पाळकांच्या ठायी असती तर पुष्कळ झाले असते.

आता आमची गोष्ट.

काही वर्षांमागे जून महिन्यात आम्ही पेणेहून रोह्याकडे एका खेड्यातील मंडळीस प्रभुभोजन देण्याकरिता निघालो होतो. पाऊस नुकताच लागला होता. नागोठण्याच्या एस. टी. स्थानकावर रोह्याची गाडी येण्यास विलंब होता. तेथे खांबास टेकून एक मनुष्य बसला होता. वय चाळिशीच्या आसपास, सदऱ्याची गुंडी तुटलेली, अंग घामाने निथळत होते. हात कापत होते. कोणी जवळून गेले की तो काहीतरी बरळे, आणि त्यांतले दोन-चार शब्द शिवीसारखे ऐकू येत. 'सकाळीच लावून आलाय,' असे एकजण म्हणाला व बाकीचे हसले. आम्ही हसलो नाही. परंतु आम्ही आमची पिशवी, जिच्यात पवित्र शास्त्र व प्रभुभोजनाचा पेला होता, ती उचलून दुसऱ्या बाजूस ठेविली.

तेथेच शेवळांच्या जुड्या विकावयास बसलेली एक कातकरी बाई होती. तिने आपल्याकरिता चहा मागविला होता. तिने तो पेला उचलला, त्या मनुष्यापुढे जाऊन बसली, आणि लहान मुलास पाजावा तसा त्यास घोट घोट पाजला. मग दुसरा मागविला व त्यात साखर अधिक घालावयास सांगितले. पाव घटकेत त्याचे डोळे स्थिर झाले. त्याने सभोवार पाहिले आणि लाजून तोंड पुसले. त्यास मधुमेह होता. सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घेऊन तो मुलाच्या एका दाखल्याकरिता कचेरीत गेला होता, आणि खेटे घालता घालता पोटात अन्न घालावयाचे राहून गेले होते. रक्तातील साखर एकाएकी उतरली म्हणजे घाम सुटतो, हात कापतात, जीभ जड होते, मनुष्य चिडतो, भ्रमिष्टासारखा बोलतो. आणि पाहणारे त्यास दारुडा समजून निघून जातात, असे आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी आम्हांस पुढे सांगितले. वेळीच काही गोड पोटात गेले नाही तर मनुष्य बेशुद्ध होतो, कधी जीवही जातो.

त्या बाईस आम्ही विचारले, 'याला साखरेचा विकार आहे हे तुम्हांस कसे कळले?' ती म्हणाली, तिला तसे काही कळले नव्हते. माणूस उपाशी दिसला, म्हणून चहा पाजला. आता लक्षात घ्या, ज्या जातीस आपल्या गावांतले लोक सरसकट दारूबाज म्हणून बोट दाखवितात, त्या जातीची ती बाई होती. मोजून पैसे होते तिच्यापाशी. दुसऱ्या चहाचे तिने पदराची गाठ सोडून दिले. आमच्या पिशवीतला पेला मात्र पिशवीतच राहिला.

ही हकिकत आम्ही त्यानंतर अनेक मंडळ्यांत सांगितली. एली आणि हन्ना यांच्या पाठास ती चांगली लागू पडते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि आम्हांसही वाटे की आपण आपली चूक उघडपणे कबूल करून मोठा विनय दाखवीत आहोत.

मग एका रविवारी कुंडलिकेच्या काठच्या एका खेड्यात उपासना आटोपली. आम्ही दाराशी उभे राहून सर्वांस सलाम करीत होतो. सर्वांच्या मागून एक म्हातारी आली. या बाईस आम्ही पंधरा वर्षे ओळखतो. तिने आमचा हात हातात धरून ठेविला व म्हटले, 'पाळकसाहेब, गोष्ट चांगली होती. पण एक इचारू का? तो माणूस खरंच पिऊन पडलेला असता, तर त्या बाईचा च्या फुकट गेला असता का?'

आम्हांस उत्तर सुचले नाही. सुचले नाही याचे कारणही आम्हांस त्याच क्षणी ठाऊक होते. म्हातारीचा मुलगा पितो. धाटावच्या बाजूस एका कारखान्यात तो कंत्राटी मजूर होता. ते काम सुटले, आणि त्यानंतर तो पुरता वाहवला. त्याने बायकोवर हात टाकला. ती दोन मुलांस घेऊन पेणेकडे माहेरी निघून गेली. एकदा नाताळच्या उपासनेत तो झिंगत आला व त्याने आरडाओरड केली. तेव्हा मंडळीच्या पंचांनी त्याचे नाव पटावरून कमी करण्याचा ठराव केला. त्या ठरावाखाली सही आमची आहे.

म्हातारीचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. आमची नागोठण्याची गोष्ट लोकांस इतकी का आवडते? ऐकणाऱ्याची निश्चिंती होते म्हणून. शेवटी तो मनुष्य निर्दोष ठरतो. हन्नाही निर्दोष ठरते. पन्नासाव्या दिवशी प्रेषितांस लोक प्यालेले म्हणाले, तेव्हा पेत्राने उभे राहून दिवसाचा प्रहर सांगितला आणि तेही निर्दोष ठरले. अशा गोष्टींतून आपण एवढेच शिकतो की निकाल घाईने देऊ नये, नीट चौकशी करून द्यावा. हे शिकणे वाईट नाही; न्यायाधीशाने ते अवश्य शिकावे. परंतु जो निर्दोष निघाला त्याच्यावर आपण दया केली, असे कसे म्हणावे? ती तर आपल्या चुकीची भरपाई झाली. दयेचे काम सुरू होते ते दोषी मनुष्याच्या दाराशी, जेथे चौकशी पुरी झाली आहे आणि निकालही बरोबर आहे.

पेण तालुक्यातच याचे एक उदाहरण आहे, आणि ते ख्रिस्ती घरातले नाही म्हणून आम्ही टाळणार नाही. आपल्या प्रभूने मोठ्या विश्वासाचा दाखला रोमी शताधिपतीचा दिला, आणि दयेचा शोमरोनी मनुष्याचा. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला, हे वाचकांपैकी पुष्कळांस माहीत असेल. त्या घरी एक आंधळे काका राहत असत. सर्वजण त्यांस घरातलेच मानीत. भावे कुटुंब बडोद्यास गेल्यावर काही काळाने ते काका वारल्याचे पत्र आले, परंतु आईने नेहमीप्रमाणे सुतक धरले नाही. मुलाने कारण विचारले, तेव्हा त्यास प्रथमच कळले की ते काका नात्याचे कोणीच नव्हते. त्यांस पाहणारे कोणी नव्हते, म्हणून ते घरी राहिले होते. इतकी वर्षे एका ताटापंगतीस बसूनही मुलांस हे कळू दिले गेले नव्हते. दया केल्याची जाणीवसुद्धा त्या घराने ठेविली नव्हती.

दुसरी आठवण आपल्या विषयास अधिक लागू आहे. एकदा दाराशी एक धडधाकट भिकारी आला व आईने त्यास भिक्षा घातली. मुलगा वाचणारा, तर्कट. तो म्हणाला, असल्यास दिल्याने आळस वाढतो. दान द्यावयाचे ते पात्र पाहून द्यावे. आणि गीतेतील वचनही त्याने पुढे केले. आईस संस्कृत येत नव्हते. ती शांतपणे म्हणाली की, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण? दाराशी आला तो परमेश्वर समजावा आणि आपल्या शक्तीप्रमाणे द्यावे. त्या बोलण्यास आपणांपाशी प्रत्युत्तर नव्हते, असे विनोबा पुढे सांगत. येथे लक्षात ठेवण्याजोगे हे की, तो भिकारी मुळात आजारी होता किंवा दुःखात होता, असे गोष्टीच्या शेवटी निघत नाही. तो धडधाकट होता आणि धडधाकटच राहिला. आईची दया त्याच्या निर्दोषीपणावर टेकलेली नव्हती.

असे बी कोठे उगवते ते सांगता येत नाही. मे १९६० मध्ये याच विनोबांनी चंबळेच्या खोऱ्यात, भिंड-मुरैनेच्या बाजूस पदयात्रा केली. मानसिंग नावाच्या प्रसिद्ध दरोडेखोराचा मुलगा तहसीलदारसिंग तेव्हा फाशीच्या शिक्षेत होता. त्याने विनोबांस तुरुंगातून पत्र पाठविले होते. त्या यात्रेत सुमारे वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे येऊन शस्त्रे खाली ठेविली. हे लोक हन्नेसारखे नव्हते. त्यांच्या हातांस खरोखरीचे रक्त लागले होते. विनोबांनी त्यांस कायद्यापासून सोडविण्याचे वचन दिले नाही. त्यांच्यावर खटले चालले व शिक्षाही झाल्या. काही पोलीस अधिकाऱ्यांनी या सर्व प्रकारावर टीका केली, आणि ज्यांची माणसे मारली गेली होती त्यांच्या बाजूने पाहिले तर ती टीका समजण्यासारखी आहे. तथापि न्यायालयाचा न्याय आणि मनुष्याच्या अंतःकरणातील न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे दिसून आले. न्यायालय कृत्याचा न्याय करते, व तो केला पाहिजे. हा मनुष्य आता याहून दुसरा कधी होणारच नाही, असा निकाल मात्र कोणत्याही न्यायालयास देता येत नाही. आपण तो गावच्या पारावर बसून रोज देतो.

येथे कोणी म्हणेल की तसल्या दयेने अनाचार वाढेल. आम्ही म्हातारीचा प्रश्न पंचांपुढे ठेविला, तेव्हा त्यांतील सर्वांत वडील पंच हेच म्हणाले. त्यांची शेती खारात आहे, आणि ते फार सरळ मनाचे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, 'साहेब, समुद्राकडचा बांध कसा असतो ते तुम्ही पाहिलंच आहे. एका ठिकाणी खांड पडली की भरतीचं पाणी सगळ्या खारात शिरतं. माझं शेत जातं, शेजाऱ्याचं जातं, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं भात येत नाही. मंडळीची शिस्त म्हणजे बांध आहे.' या म्हणण्यात खोटे काही नाही. ज्याने बांध राखला आहे त्यासच असे बोलण्याचा अधिकार आहे. पौलानेही करिंथ येथील मंडळीस अनाचारी मनुष्यास आपणांतून घालवून देण्याची आज्ञा केली आहे, हेही त्यांनी आम्हांस दाखवून दिले.

आम्ही त्यांस दोन गोष्टी विचारल्या. पहिली त्यांच्याच व्यवसायातली. बांधास खांड पडली म्हणजे गाव काय करते? कोणाच्या शेताजवळ पडली, कोणी खेकड्याचे बीळ बुजविले नाही, याचा पंचनामा ओहोटी उलटून जाईपर्यंत करीत बसते काय? ज्याच्या हाती जे येईल ते घेऊन सर्वजण त्याच ठिकाणी माती टाकतात. फुटलेला भाग बांधाचा नव्हेच असे म्हणून कोणी घरी जात नाही. आणि बांधास उघाडी का ठेवतात? पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जावे म्हणून. नुसता बांध घातला आणि उघाडी ठेविली नाही, तर बाहेरच्या समुद्रावाचून आतल्याच पाण्याने भात कुजते. पंच बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की उघाडीची फळी वेळेवर वर-खाली करावयास माणूस जागा लागतो. हे त्यांचे म्हणणे आमच्या दृष्टांताहून चांगले होते.

दुसरी गोष्ट शास्त्रातली. पौलाने पहिल्या पत्रात त्या मनुष्यास बाहेर घालविण्यास सांगितले खरे. परंतु आपले वाचन तेथेच थांबते. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, शासन झालेल्या एका मनुष्याविषयी, झाले तेवढे शासन पुरे, आता त्यास क्षमा करा व धीर द्या, नाहीतर तो अतिशय दुःखाने बुडून जाईल, अशी तो मंडळीस विनंती करतो. पहिले पत्र आपण ठरावाच्या दिवशी वाचतो. दुसरे वाचण्याकरिता कोणी सभा बोलावीत नाही. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, बंधूने अपराध केला असता काय करावे याच्या पायऱ्या प्रभूने सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली पायरी अशी की, त्याच्याकडे एकट्याने जावे व एकांतात त्यास सांगावे. आम्ही पंचांस विचारले, आपणांपैकी त्याच्याकडे एकट्याने कोण गेले होते? कोणी गेले नव्हते. आम्हीही गेलो नव्हतो. आम्ही तिसऱ्या पायरीवर उभे राहून ठराव केला होता, पहिल्या दोन चढल्याच नव्हत्या.

शेवटची पायरी ही की, त्याने मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुम्हांस विदेशी किंवा जकातदार यांसारखा होवो. या वचनावर बोट ठेवून आजवर कितीतरी नावे पटावरून खोडली गेली असतील. परंतु हे शब्द कोणाच्या शुभवर्तमानात आहेत? मत्तयाच्या, आणि मत्तय स्वतः कोण होता? जकातनाक्यावर बसलेला जकातदार. प्रभूने जकातदारास कसे वागविले, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? प्रभू त्याच्या नाक्यापाशी गेला, त्यास हाक मारली, आणि त्याच्या घरी पंगतीस बसला. परूश्यांनी कुरकुर केली तेव्हा प्रभूने होशेय संदेष्ट्याकडे बोट दाखविले, की देवाला यज्ञापेक्षा दया आवडते याचा अर्थ काय तो जाऊन शिका. बाराव्या अध्यायात त्याने परूश्यांपुढे पुन्हा त्याच वचनाचा दाखला दिला. मत्तयाने ते दोन्ही वेळा लिहून ठेविले. त्यास विसरता आले नसेल.

आणि या पंगतींची प्रभूस काय किंमत पडली? त्यास लोक खादाड व दारूबाज म्हणू लागले. वाचकहो, हन्नेवर जो आरोप आला, प्रेषितांवर आला, नागोठण्याच्या खांबाशी बसलेल्या त्या मनुष्यावर आला, तोच आपल्या प्रभूवर आला आहे. हन्नेने उत्तर दिले, पेत्राने उत्तर दिले. प्रभूने आपले नाव स्वच्छ करण्याकरिता पंगत सोडली नाही. जे खरोखर पिणारे होते त्यांच्या शेजारून तो उठला असता तर आरोप तत्काळ मिटला असता. तो बसून राहिला. आमच्या मनात येते, त्या दिवशी नागोठण्यास आम्ही त्या मनुष्याशेजारी बसलो असतो, तर रोह्याच्या गाडीतले कोणी आम्हांस ओळखणारे काय म्हणाले असते? खरे सांगावयाचे तर पिशवी हलविताना आमच्या मनात भीती होती ती हीच. प्रभुभोजनाचा पेला बाटेल असे आम्हांस वाटले नव्हते.

दयेच्या नावाने एक मोठी चूक होते, तिच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुष्कळ वेळा मार खाणाऱ्या बायकोसच आपण दया शिकवितो व परत नांदावयास पाठवितो. असे करणे म्हणजे एकावर दया करण्याकरिता दुसऱ्याचा बळी देणे होय. म्हातारीच्या सुनेस आम्ही परत जा असे सांगितले नाही, व सांगणार नाही. ती आणि मुले जेथे सुरक्षित आहेत तेथे मंडळीने त्यांस धान्य पोहोचवावे, मुलांच्या शाळेकडे पाहावे, हा त्याच दयेचा भाग आहे. विशेष हे की, ही सूचना त्या खारातल्या पंचांनी केली, आणि पहिली पायली त्यांच्या घरून गेली.

नंतर आम्ही त्या मुलाकडे एकट्याने गेलो. तो घराच्या पडवीत पडला होता. त्या दिवशी तो खरोखरच प्यालेला होता. साखर उतरलेली नव्हती की काही नव्हते. आमच्यापाशी पिशवी होती. ती आम्ही त्याच्या बाजूस ठेविली व खाली बसलो. तो पुष्कळ बोलला, त्यांतले निम्मे आम्हांस कळले नाही, आणि जे कळले त्यांत आमच्याविषयीचे चांगले थोडेच होते. म्हातारीने आम्हां दोघांस चहा दिला. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो घरी नव्हता. तिसऱ्यांदा तो होता व प्यालेला नव्हता, पण त्याने दार उघडले नाही. पेणेच्या एका डॉक्टरांकडे त्यास नेण्याचे आम्ही योजिले होते. त्यास तो अजून तयार नाही. ठराव पुन्हा पुढच्या महिन्यात पंचांपुढे यावयाचा आहे, आणि मते कशी पडतील हे आम्हांस सांगता येत नाही.

गेल्या रविवारी दुसरे गीत चालू असताना तो उपासनामंदिराच्या पायरीपर्यंत आला व बाहेरच बसला. त्याची आई आत पुढच्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिले नाही, परंतु तिने पुस्तक उलटे धरले होते, हे आम्हांस वेदीवरून दिसले. आम्ही उपदेश आटोपता घेऊन दाराशी आलो, तो पायरीवर कोणी नव्हते. विडीचे एक थोटूक तेवढे पडले होते. ज्या पंचांनी त्याचे नाव कमी करण्याचा ठराव मांडला होता, तेच आमच्या मागोमाग बाहेर आले. त्यांनी वाकून ते थोटूक उचलले, कुंपणापलीकडे टाकून दिले, आणि आत जाऊन एक चटई आणून त्या पायरीवर अंथरून ठेविली.